हुकुमाआधीचे उड्डाण : एअर कमोडोर मेहर सिंग, पूंछ आणि लेह

युद्धातील शौर्यपदकांची यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. पदक मिळालेले बहुतेक जण वयाने तरुण आणि हुद्द्याने कनिष्ठ असतात. शत्रूच्या गोळीसमोर प्रत्यक्ष उभे राहण्याचे काम लान्स नाईकाचे, सुभेदाराचे, कॅप्टनचे असते आणि हवाई दलात ते फ्लाइंग ऑफिसर किंवा स्क्वाड्रन लीडरचे असते. वरिष्ठ सेनापतीची जागा नकाशाच्या टेबलापाशी असते आणि त्याचा गौरव सहसा कुशल नेतृत्वासाठी होतो. म्हणून एखाद्या संपूर्ण ऑपरेशनल ग्रुपचा प्रमुख असलेल्या एअर कमोडोरला महावीर चक्र मिळते आणि ते त्याने स्वतः चालवलेल्या विमानांसाठी मिळते, तेव्हा हे कसे घडले आणि त्याला स्वतः उडावेच का लागले, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

एअर कमोडोर मेहर सिंग यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर केवळ धाडसात शोधून चालत नाही. ते हवेच्या घनतेत, धावपट्टीच्या लांबीत, डकोटा विमानाच्या वजनात आणि वेढ्यात अडकलेल्या गावाच्या धान्याच्या हिशेबात दडलेले आहे. हा हिशेब सोपा करून मांडला, की सेनापतीने आधी स्वतः उतरून दाखवणे ही त्या मोहिमेची गरज कशी होती, ते उमगते.

प्रथम नावाविषयी थोडे स्पष्टीकरण. हवाई दलातील सहकारी मेहर सिंगांना प्रेमाने ‘मेहर बाबा’ म्हणत. मराठी वाचकाला हे नाव ऐकताच नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा आठवतील, परंतु त्यांचा आणि या वैमानिकाचा काहीही संबंध नाही. मेहर सिंगांचा जन्म १९१५ मध्ये लायलपूर येथे झाला, जे आज पाकिस्तानातील फैसलाबाद म्हणून ओळखले जाते. १९३४ मध्ये त्यांची निवड इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या प्रशिक्षण संस्थेसाठी झाली आणि १९३६ मध्ये ते वैमानिक अधिकारी म्हणून भारतीय हवाई दलाच्या पहिल्या आणि त्या वेळच्या एकमेव स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. त्यांची पहिली वर्षे वायव्य सरहद्द प्रांतात वापिती या दुपंखी विमानांवर गेली. दऱ्याखोऱ्यांतून कमी उंचीवर उडणे, नकाशावर नसलेली वाट डोळ्यांनी शोधणे आणि इंजिन दगा देईल तेथे जमेल तसे उतरणे, हे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. एकदा टोळीवाल्यांच्या गोळीबारात त्यांचे विमान निकामी झाले, तेव्हा ते शत्रूच्या मुलखात उतरले आणि आपल्या गनरसह पायी लष्करी ठाण्यापर्यंत पोहोचले. काश्मीरच्या डोंगरांत जे पुढे कामी आले, त्याचे मूळ या वर्षांत आहे असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याकडे ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व आले. हरिकेन विमानांच्या या स्क्वाड्रनकडे १९४३ च्या अखेरीपासून ब्रह्मदेशाच्या आराकान आघाडीवर टेहळणीचे काम होते. जंगलात जपानी सैन्य कोठे आहे, कोणत्या ओढ्यावर पूल बांधला गेला आहे, कोणत्या वाटेने रसद जाते आहे, हे पाहून आणि छायाचित्रे काढून ती माहिती जमिनीवरच्या सैन्याला द्यायची, हे ते काम. विमाने जोडीने जात. एक वैमानिक खाली पाही आणि दुसरा त्याच्या पाठीशी राहून आकाशावर नजर ठेवी, कारण जपानी लढाऊ विमाने हरिकेनपेक्षा चपळ होती. स्क्वाड्रन लीडर मेहर सिंग स्वतः या जोड्यांमध्ये उडत असत. १९४४ मध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, म्हणजे डीएसओ, हा सन्मान मिळाला. महायुद्धाच्या काळात तो मिळवणारे ते भारतीय हवाई दलाचे एकमेव अधिकारी ठरले.

या सन्मानाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ब्रिटिश पद्धतीत उड्डाणातील पराक्रमासाठी डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे वेगळे पदक होते आणि ते अनेक भारतीय वैमानिकांना मिळाले. डीएसओ त्याहून वरच्या पायरीवरचा सन्मान होता आणि तो मुख्यतः शत्रूसमोर नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्याला दिला जाई. उडणारा आणि उडवणारा, अशा दोन्ही भूमिका एकाच माणसाने पेलल्याची ती पावती होती. काश्मीरमध्ये मेहर सिंगांनी जे केले त्याचा नमुना आराकानमध्येच तयार झाला होता.

आता १९४७ कडे वळू. फाळणीत हवाई दलही वाटले गेले आणि भारताच्या वाट्याला वाहतुकीची एकच स्क्वाड्रन आली, डकोटा विमानांची १२ क्रमांकाची. पाकिस्तानातून आलेल्या हल्लेखोरांपासून काश्मीर वाचवण्यासाठी २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून निघालेल्या डकोटांनी पहिल्या शीख बटालियनचे जवान श्रीनगरला उतरवले. हवाई दलाला मदत म्हणून खासगी विमान कंपन्यांची डकोटा विमानेही त्या धावपळीत जुंपली गेली. मेहर सिंग जम्मू-काश्मीरमधील हवाई कारवाया सांभाळणाऱ्या १ क्रमांकाच्या ऑपरेशनल ग्रुपचे प्रमुख झाले. एअर कमोडोर हा हुद्दा भूदलातील ब्रिगेडियरच्या बरोबरीचा असतो. लढाऊ विमाने, वाहतुकीची विमाने, तळ, इंधन, दारूगोळा आणि भूदलाशी समन्वय, ही सगळी जबाबदारी आता त्यांची होती.

डकोटा हे या कथेतील दुसरे मुख्य पात्र आहे. अमेरिकी बनावटीचे, दोन इंजिनांचे हे विमान प्रत्येकी सुमारे १,२०० अश्वशक्तीच्या जोरावर साधारण २७०० किलो माल किंवा २८ सशस्त्र जवान नेऊ शके. त्याचे तिसरे चाक शेपटीखाली असे, त्यामुळे जमिनीवर त्याचे नाक वर उचललेले राही आणि उतरल्यानंतर वैमानिकाला समोरची धावपट्टी नीट दिसत नसे. त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. विमान मजबूत होते, कच्च्या मैदानावरही उतरू शके, पण ते घडवले गेले होते साधारण उंचीवरच्या मैदानी धावपट्ट्यांसाठी.

पूंछचा प्रश्न १९४७ च्या नोव्हेंबरात उभा राहिला. डोंगरांनी वेढलेल्या या गावात ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांच्या नेतृत्वाखालची शिबंदी होती आणि आजूबाजूच्या खेड्यांतून जीव वाचवून आलेले सुमारे ४० हजार निर्वासित होते. चारही बाजूंचे डोंगर शत्रूच्या ताब्यात होते आणि रस्ते बंद झाले होते. वेढ्याचे युद्ध मराठी माणसाला नवीन नाही. गडकोटांचा इतिहास वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, की तटाला खिंडार पडण्याच्या कितीतरी आधी धान्याचे कोठार रिकामे होते आणि गड तेथेच पडतो. पूंछचेही तेच होते. केवळ अंदाजासाठी हिशेब करू. एका माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरले, तरी ४० हजार माणसांना रोज १६ टन धान्य लागते, म्हणजे डकोटाच्या किमान सहा फेऱ्या, आणि त्या दररोज. यात मीठ, औषधे, रॉकेल, दारूगोळा यांतले काहीच धरलेले नाही. हवाई छत्रीने माल टाकता येतो, पण त्यात बराच माल वाया जातो, आणि मुख्य म्हणजे टाकलेल्या पेटीतून जखमी माणूस परत नेता येत नाही. त्यासाठी विमान उतरावेच लागते.

म्हणून धावपट्टी बांधायचे ठरले. यंत्रे नव्हती, होती ती माणसे. निर्वासितांनी आणि जवानांनी कुदळ-फावड्यांनी, टोपल्यांनी माती वाहून काही दिवसांत गावाजवळच्या मोकळ्या जागेवर सुमारे ६०० यार्डांची, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपासची पट्टी तयार केली. शत्रू आसपासच्या टेकड्यांवरून पाहत असताना हे काम चालले होते. पट्टीच्या कडांना ओढे होते आणि तिच्याकडे येण्याची वाट डोंगराच्या उतारावरून तीव्र कोनात खाली येणारी होती.

ही जागा किती अवघड, हे समजण्यासाठी विमान उतरण्याची क्रिया डोळ्यांसमोर आणावी लागते. विमान हवेत टिकते ते वेगामुळे. वेग एका मर्यादेखाली गेला, की पंख भार पेलेनासे होतात. त्यामुळे उतरताना वैमानिकाला विमान त्या मर्यादेच्या जरासेच वर ठेवून, हलक्या उताराने, पट्टीच्या सुरुवातीलाच चाके टेकवावी लागतात. पट्टी लांब असली, तर पन्नास-शंभर मीटरची चूक खपून जाते. साडेपाचशे मीटरच्या पट्टीवर ती खपत नाही. त्यात डोंगरावरून तीव्र उताराने खाली यायचे, तर विमानाचा वेग आपोआप वाढू पाहतो, उतारावर सायकलचा वाढतो तसाच, आणि नेमका त्याच वेळी तो कमी करायचा असतो. एरवी वैमानिकाला अंदाज चुकला असे वाटले, की तो इंजिनांचा जोर वाढवून पुन्हा वर जातो आणि दुसरी फेरी मारतो. पुढे डोंगर असेल, तर ही सवलत एका ठरावीक क्षणानंतर संपते. त्या क्षणानंतर उतरणे हा एकच मार्ग उरतो.

डिसेंबर १९४७ मध्ये पूंछच्या या पट्टीवर पहिले डकोटा उतरवले ते मेहर सिंग यांनी, आणि तेही मालाने लादलेले. रिकामे विमान घेऊन चाचणी करणे सोपे असते, हे ज्याला विमानाची जाण आहे त्याला सांगायला नको. रिकामे विमान कमी वेगात उतरते आणि लवकर थांबते. परंतु त्यावरून ग्रुपच्या बाकीच्या वैमानिकांना जे कळायला हवे होते ते कळले नसते. भरलेले विमान इथे थांबते की नाही, एवढाच खरा प्रश्न होता.

त्यानंतर पूंछचा हवाई पूल सुरू झाला. विमाने धान्य आणि दारूगोळा घेऊन येत आणि जखमी जवान व निर्वासित घेऊन परत जात. हजारो निर्वासित अशा रीतीने बाहेर काढले गेले. मार्च १९४८ मध्ये शत्रूने तोफा पुढे आणल्या आणि पट्टी त्यांच्या माऱ्यात आली. दिवसा उतरणारे विमान जमिनीवर उभे असताना हमखास लक्ष्य ठरणार होते. उपाय म्हणून रात्री उतरायचे ठरले. अंधारात, चहूबाजूंनी डोंगर असताना, पट्टीच्या कडेने ठेवलेल्या मिणमिणत्या दिव्यांच्या आधाराने डकोटा उतरू लागली, आणि अशाच उड्डाणांतून २५ पौंडी, म्हणजे २५ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या, तोफा पूंछला पोहोचल्या. ही तोफ दीड टनाहून अधिक वजनाची असते. ती सुटी करून विमानात चढवावी लागते आणि उतरल्यावर पुन्हा जोडावी लागते. तिचा पल्ला सुमारे १२ किलोमीटरचा असल्यामुळे पट्टीवर मारा करणाऱ्या तोफांना उत्तर देणे शिबंदीला प्रथमच शक्य झाले. पूंछचा वेढा नोव्हेंबर १९४८ मध्ये भूदलाची फौज पोहोचल्यावर उठला. तोवर जवळजवळ वर्षभर हे गाव आकाशातून येणाऱ्या रसदीवर तगले होते.

याच काळात डकोटांचा वापर बॉम्बफेकीसाठीही झाला. बॉम्बफेकी विमाने हवाई दलाकडे नव्हतीच. तेव्हा मालवाहू विमानात बॉम्ब ठेवून ते रात्री दारातून हातांनी ढकलायचे, अशी युक्ती काढण्यात आली. यात नेम अचूक नसतो हे उघड आहे, तरीही रात्रीच्या सुरक्षिततेवर विसंबलेल्या शत्रूची झोप उडवण्यास ती पुरेशी होती. या युक्तीचे श्रेय बहुतेक अभ्यासक मेहर सिंग यांना देतात.

लेहची गोष्ट याहून वेगळी आहे आणि माझ्या मते तिच्यात या माणसाचे मोठेपण अधिक स्पष्ट दिसते, कारण पूंछमध्ये निदान विमानाची ताकद ठाऊक होती. लेहमध्ये तीच शंकास्पद होती.

१९४८ च्या सुरुवातीला लडाखच्या रक्षणासाठी मोजकेच सैनिक होते. श्रीनगर ते लेह मोटारीचा रस्ता तेव्हा नव्हता आणि हिवाळ्यात झोजी ला खिंड बर्फाने बंद असे. अशा वेळी मेजर पृथी चंद यांनी लाहौल भागातील सुमारे ४० स्वयंसेवक जवान घेऊन भर हिवाळ्यात, पायी, ती खिंड पार केली आणि ते लेहला पोहोचले. त्यांच्याबरोबर सोनम नोर्बू हे लडाखी अभियंता होते. नोर्बूंनी गावकऱ्यांना हाताशी धरून स्पितुकजवळ, सिंधू नदीकाठच्या वाळूमातीत धावपट्टी आखली आणि बांधून घेतली. या दोघांचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. विमान उतरवणाऱ्याचे नाव सर्वांच्या लक्षात राहते, परंतु जेथे उतरायचे ती जागा तयार करणारा अभियंता आणि ती जागा तोवर राखणारा सैनिक यांच्याविना ते उड्डाण नुसता विचार राहिले असते.

मे महिन्यात कारगिल शत्रूच्या हाती गेले आणि लेहकडे येणारी वाट खुली झाली. पायी कुमक पाठवायची तर ती वेळेवर पोहोचण्याची शाश्वती नव्हती. काश्मीर खोऱ्यातील फौजेचे नेतृत्व करणारे मेजर जनरल थिमय्या यांनी मेहर सिंग यांच्याकडे लेहला विमाने उतरवण्याची मागणी केली. लेहची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ११,५०० फूट आहे. त्या उंचीवर, कच्च्या पट्टीवर, डकोटा उतरवण्याचा अनुभव हवाई दलात कोणालाही नव्हता.

उंचीने नेमकी काय अडचण होते? लेहला गेलेल्या कोणत्याही मराठी पर्यटकाला तिचा एक भाग अनुभवाने माहीत असतो. विमानतळावर उतरल्या दिवशी विश्रांती घ्या, जिने भराभर चढू नका, असे सगळे सांगतात. तेथे पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, म्हणून उघड्या भांड्यात डाळ लवकर शिजत नाही. या दोन्हींचे कारण हवेचा कमी दाब. लेहच्या उंचीवरची हवा समुद्रसपाटीवरच्या हवेच्या तुलनेत सुमारे ७० टक्केच दाट असते. माणसाच्या फुप्फुसाला प्राणवायू कमी पडतो, तसाच विमानाच्या इंजिनालाही पडतो आणि त्याचा जोर घटतो. प्रोपेलर ज्या हवेला मागे ढकलतो ती विरळ असल्याने त्याचा रेटाही कमी होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंखांना भार पेलण्यासाठी जी हवा लागते तीच पातळ झालेली असते.

पंखांनी ही उणीव भरून काढायची तर विमानाला अधिक वेगाने जावे लागते. समजा, समुद्रसपाटीवर डकोटा ताशी १३० किलोमीटर वेगाने जमिनीला टेकते. तेच विमान, तेवढ्याच वजनासह, लेहला ताशी साधारण १५५ किलोमीटर वेगाने टेकेल. फरक थोडा वाटतो, पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळपास ४० टक्के जास्त होते. ब्रेक तेच, पट्टी वाळूची, आणि धावण्याचे अंतर बरेच वाढलेले. परत उडतानाही हाच हिशेब उलट्या दिशेने लागू होतो. इंजिनांचा जोर कमी, गाठायचा वेग जास्त, त्यामुळे पट्टीवर धावण्याचे अंतर आणखी लांबते. दुपारी ऊन तापले, की हवा अधिक पातळ होते आणि दरीत वारेही सुटतात. आजही लेहची प्रवासी विमाने प्रामुख्याने सकाळी ये-जा करतात, त्यामागे हीच कारणे आहेत.

उतरण्याआधी तेथवर पोहोचायचे होते, आणि तो मार्ग झोजी ला आणि सुमारे १३,५०० फुटांवरच्या फोटू ला या खिंडींवरून, त्यांच्याहून कितीतरी उंच शिखरांच्या मधून जात होता. ढगांत अडकलेल्या विमानाला शिखर दिसत नाही, म्हणून वैमानिकाला डकोटा तिच्या क्षमतेच्या टोकापर्यंत, २३-२४ हजार फुटांच्या आसपास न्यावी लागली. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ४० टक्केच उरतो. अशा हवेत माणसाची विचारशक्ती हळूहळू मंदावते, आणि धोका असा, की ती मंदावत आहे हे त्याला स्वतःला कळत नाही. पंखांवर साचणारा बर्फ झटकण्याची यंत्रणा या विमानांत नव्हती. बर्फ साचला, की वजन तर वाढतेच, शिवाय पंखाचा काळजीपूर्वक घडवलेला आकार बिघडतो आणि त्याची भार पेलण्याची शक्तीच जाते. भरवशाचे नकाशे नव्हते, आणि वाटेत जमिनीवरून मार्गदर्शन करणारी रेडिओ यंत्रणा नव्हती. आणि एक इंजिन बंद पडले असते, तर उरलेल्या एकाच्या बळावर डकोटा त्या डोंगरांच्या वर राहू शकली नसती.

२४ मे १९४८ रोजी मेहर सिंगांनी थिमय्यांना सोबत घेऊन डकोटा लेहच्या वाळूच्या पट्टीवर उतरवली. भूदलाचा सेनापती आणि हवाई दलाचा सेनापती एकाच विमानात होते, ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा विचार करायला लावते. युद्धशास्त्राच्या दृष्टीने हा धोका अवाजवी म्हणता येईल. एक अपघात झाला असता, तर संपूर्ण आघाडीची दोन डोकी एकदम गेली असती. तरीही जून उजाडताच गुरख्यांची कुमक घेऊन डकोटा लेहला येऊ लागल्या आणि लेह वाचले, या घटनाक्रमाकडे पाहिले, की त्या पहिल्या उड्डाणाने काय साधले ते दिसते.

येथे मूळ प्रश्नाकडे परत येतो. सेनापतीने स्वतः उडू नये, यासाठी ठोस कारणे आहेत. त्याला पुढच्या मोहिमांचे बेत ठाऊक असतात, त्यामुळे तो पकडला गेला तर शत्रूच्या हाती मोठे घबाड लागते. तो मेला, तर हुकुमांची साखळी तुटते. आणि त्याच्या जागी तरुण, रोजच्या सरावातला वैमानिक अधिक चांगले विमान चालवू शकतो. म्हणून बहुतेक हवाई दलांत वरिष्ठांच्या लढाऊ उड्डाणांवर बंधने असतात. ही बंधने मोडणारे सेनापती ब्रिटिश हवाई दलातही होते. एअर व्हाइस मार्शल कीथ पार्क १९४० मध्ये स्वतःच्या हरिकेनमधून आपल्या तळांवर जात. एअर व्हाइस मार्शल बेसिल एम्ब्री तर महायुद्धाच्या उत्तरार्धात ‘विंग कमांडर स्मिथ’ या खोट्या नावाने मोहिमांवर उडत, जेणेकरून पकडले गेल्यास आपली खरी ओळख उघड होऊ नये. आपल्या वैमानिकांकडून आपण काय मागत आहोत, हे या सेनापतींना स्वतःच्या डोळ्यांनी जाणून घ्यायचे होते.

मेहर सिंगांच्या बाबतीत याखेरीज आणखी एक कारण होते. विमान बनवणारी कंपनी प्रत्येक विमानाबरोबर तक्ते देते. अमुक उंचीवर, अमुक वजनाला किती धावपट्टी लागेल, हे त्यांत लिहिलेले असते, आणि सेनापतीचा हुकूम या तक्त्यांच्या चौकटीत राहूनच दिला जातो. पूंछच्या आखूड पट्टीवर जड विमान उतरवणे आणि लेहच्या उंचीवर वाळूत उतरणे ही दोन्ही कामे त्या चौकटीबाहेरची होती. एखाद्या फ्लाइंग ऑफिसरला तेथे पाठवायचे म्हणजे, ‘तुझा जीव पणाला लाव, बघू काय होते,’ असे म्हणण्यासारखे होते. तो कदाचित गेलाही असता, परंतु तो परतला नसता तर त्यावरून काय निष्कर्ष काढायचा हे कोणालाच कळले नसते. वैमानिकाची चूक होती, की ते काम मुळातच अशक्य होते? दहा-बारा वर्षे डोंगरांत उडालेला, हुकूम देण्याचा अधिकार असलेला माणूस स्वतः उतरून परत आला, की त्याच्याकडे नेमकी माहिती असते. कोणत्या दिशेने यायचे, कोणत्या वळणावर चाके खाली करायची, किती वजन चालेल आणि कोणत्या वेळेनंतर निघू नये, हे तो सांगू शकतो. त्या दिवसापासून लेहचे उड्डाण बाकीच्यांसाठी अवघड पण शक्य असे रोजचे काम झाले. मेहर सिंगांच्या उड्डाणाने एका अंदाजाचे रूपांतर हुकुमात केले, आणि तो हुकूम पाळणाऱ्या वैमानिकाला आपल्या सेनापतीने आपल्याला आंधळ्या विहिरीत ढकललेले नाही, ही खात्री मिळाली.

महावीर चक्र हे भारताचे युद्धकाळातील दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक आहे. परमवीर चक्रानंतर आणि वीर चक्राच्या वर त्याचे स्थान असून जमिनीवर, समुद्रात किंवा आकाशात शत्रूसमोर दाखवलेल्या असामान्य शौर्यासाठी ते दिले जाते. ही तिन्ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या घटनांना लागू करण्यात आली. एअर कमोडोर मेहर सिंग यांना ते मिळाले तेव्हा त्यांच्या अंगावर हवाई दलाचा गणवेश नव्हता. वरिष्ठांशी मतभेद झाल्यामुळे त्यांनी १९४८ मध्येच सेवेचा राजीनामा दिला होता. स्वतंत्र देशाच्या हवाई दलाला ज्या काळात अनुभवी सेनापतींची सर्वाधिक गरज होती, त्याच काळात हा अधिकारी बाहेर पडला, याचे दुःख वाटल्यावाचून राहत नाही.

त्यानंतर ते पतियाळाच्या महाराजांकडे काम करू लागले. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीकडे येताना खराब हवामानात त्यांचे विमान कोसळले आणि वयाच्या ३७ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांचा मृत्यू झाला. विमान ते स्वतःच चालवत होते.

२०१८ मध्ये भारतीय हवाई दलाने ड्रोनच्या थव्यांसाठी एक स्पर्धा जाहीर केली आणि तिला मेहर बाबांचे नाव दिले. स्पर्धकांपुढे ठेवलेला विषय आपत्तीतील मदतकार्याचा होता.